पत्र लिहिणारा हात

शेजारच्या आत्तीला लिहिता येत नव्हतं आणि मला बोलता येत नव्हतं. अगदीच येत नव्हतं असं नाही. पण 'क', 'त', 'प' अशी काही अक्षरं ओठांपर्यंत येत आणि चिखलात बैल बसावा तशी बसून राहत. हजेरीला मी नुसता हात वर करायचो. गुरुजींनीही ते मान्य करून टाकलं होतं. लिहिताना मात्र जीभ मध्ये येत नसे. अक्षर गचाळ होतं, पण अडत नव्हतं. त्यामुळं आत्तीची पत्रं लिहायचं काम आपसूक माझ्याकडं आलं.

साल १९७१. सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव, चार घरांआड एक माणूस मिलिटरीत. आत्तीचा थोरला मराठा पलटणीत होता. त्याचा पत्ता मला अजून पाठ आहे: नंबर, नाव, कंपनी आणि शेवटी 'केअर ऑफ ९९ एपीओ'. पत्त्यात ना गाव, ना जिल्हा. मी शाळेच्या नकाशात ९९ एपीओ शोधूनही पाहिलं होतं.

आत्ती चुलीपुढं बसून सांगायची आणि मी निळ्या आंतरदेशीय पत्रावर लिहायचो. "लिव्ह, म्हस चांगली चाललीया." म्हैस दोन महिन्यांपूर्वीच आटलेली. "लिव्ह, धाकट्याचा खोकला गेला." धाकटा आत खोकत असायचा. मी मान वर करून बघितलं की म्हणायची, "बघतोस काय? त्येला तिथनं येऊन म्हस पिळायची हाय व्हय?" पत्र म्हणजे काय लिहायचं नाही हे ठरवायची कला, हे मी दहाव्या वर्षी शिकलो. पुढं आयुष्यभर लिहिण्यावर पोट भरलं. एवढा उपयोगी धडा दुसऱ्या कुणी दिला नाही.

डिसेंबरात लढाई लागली. तेरा दिवस गाव ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती बसून होतं. लढाई संपली, पेढे वाटले गेले, आणि जानेवारीत आत्तीच्या लेकाचं पत्र आलं. मी फोडलं आणि थबकलो. अक्षर वेगळं होतं. आधीची पत्रं बारीक, उजवीकडं कललेल्या, दाटीवाटीच्या अक्षरात असत. हे अक्षर मोठं, गोल, शाळकरी. मजकूर नेहमीचाच, मी खुशाल आहे, काळजी नसावी. आत्ती माझ्या तोंडाकडं बघत होती. मी वाचून दाखवलं. अक्षराबद्दल काही बोललो नाही. त्या दिवशी अडखळायची सवय कामाला आली; आवाज कापला तरी कुणाला त्यात नवल वाटलं नाही.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच चित्र होतं: ९९ एपीओ नावाच्या गावात एक खाट आहे, खाटेवर आत्तीचा थोरला आहे, आणि त्याच्या उजव्या बाहीत काही नाही.

हे सगळं मी विसरलो होतो म्हणणं खोटं, पण आठवावं असं काही कारण घडलं नव्हतं. ते घडलं २०२० च्या एप्रिलात. टाळेबंदी, पुण्यातला फ्लॅट, खाली रिकामा रस्ता. मुलगा घरूनच काम करत होता आणि त्याच्या खोलीतून दिवसभर एका जड, शांत, पुरुषी आवाजातली गाणी ऐकू येत होती. विचारलं तर म्हणाला, "बाबा, बिल विदर्स गेला." ३० मार्चला लॉस एंजेलिसमध्ये, ८१ व्या वर्षी, हृदयविकारानं. बातमी बाहेर आली ३ एप्रिलला. त्याच दिवसांत अमेरिकेत लोक डॉक्टर-नर्सना धीर द्यायला त्याचंच 'लीन ऑन मी' गात होते. अडचणीत मला हाक मार, माझा आधार घे, एवढ्याच आशयाचं ते गाणं. आपल्याकडं थाळ्या वाजल्या, त्यांच्याकडं हे वाजलं.

मग मुलानं मला आणखी एक गाणं ऐकवलं. 'आय कान्ट राइट लेफ्ट-हँडेड'. मला डाव्या हातानं लिहिता येत नाही. जवळजवळ सात मिनिटांचं. व्हिएतनाममध्ये उजव्या खांद्यात गोळी लागलेला एक पोरगा शेजारच्या कुणाला तरी विनवतो आहे की माझ्या आईला एक पत्र लिहून दे. गाणं संपलं तेव्हा मी चहा ओतलेला कप ओट्यावर तसाच विसरलो होतो.

'सोल' या प्रकाराचं मला फारसं ज्ञान नव्हतं, आजही बेताचंच आहे. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमधलं आर्त गाणं आणि शनिवारच्या रात्रीच्या नाचगाण्यातला ठेका यांचा संसार म्हणजे सोल, असं मी माझ्यापुरतं समजून घेतलं आहे. त्यात पुष्कळसे गायक घामाघूम होऊन गातात, गुडघ्यावर येतात, किंचाळतात. विदर्स तसं काही करत नाही. स्टुलावर बसून गिटार घेऊन, ओसरीवर बसलेल्या माणसानं आल्यागेल्याशी बोलावं तसं गातो. त्याला तसं गाता येण्याचं कारण मी त्याच्या चरित्रात शोधायला लागलो आणि पहिल्याच पानावर दचकलो. तो तोतरा होता.

४ जुलै १९३८ चा जन्म, वेस्ट व्हर्जिनियातल्या स्लॅब फोर्क या कोळसाखाणीच्या वस्तीत. वडील खाणीत. सहा भावंडांत हा शेंडेफळ. तेरा वर्षांचा असताना वडील गेले. दम्याचा त्रास, त्यात जीभ अडणारी. खेळगड्यांत वट नाही, शाळेत बोलायची सोय नाही. अशा मुलाला आजी असावी लागते, आणि त्याला ती होती. आजीनं त्याला चर्चमध्ये नेलं. पुढं बत्तीस-तेहतिसाव्या वर्षी पहिल्या रेकॉर्डवर त्यानं 'ग्रँडमाज हँड्स' हे गाणं केलं ते तिच्यावर नव्हे, तिच्या हातांवर. चर्चमध्ये टाळ्या वाजवणारे, खंजिरी वाजवणारे, दुखून सुजणारे, पोरगं पडलं की उचलणारे हात. गाणं दोन मिनिटांचं आहे. आजीचा चेहरा त्यात कुठं दिसत नाही, आणि दिसायची गरजही पडत नाही.

हे गाणं मी ऐकलं तेव्हा मला १९७२ चा दुष्काळ दिसला. पाऊस हरवला होता आणि आत्ती सरकारी कामावर खडी फोडायला जात होती. संध्याकाळी ती पत्र सांगायला बसायची तेव्हा तिचे तळवे वर करून गुडघ्यांवर ठेवलेले असत, वाळत घातल्यासारखे. बोटं मिटत नसत. मी एकदा विचारलं, हे लिहू का? म्हणजे विचारायचा प्रयत्न केला, 'ल' वर अडलो. तिला कळलं. म्हणाली, "हाताचं काय लिवायचं? लिव्ह, सुकडी मिळती, पोट भरतंय."

त्याच वर्षी, ६ ऑक्टोबरला, न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये विदर्स गात होता. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण पुढच्या साली बाजारात आलं आणि डाव्या हाताचं गाणं त्यातलंच. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. पण एकदा तारखा शेजारी दिसल्या की त्या वेगळ्या करणं मला जमत नाही.

तिथं पोचायच्या आधी तो कुठून कुठून गेला हे सांगायला हवं. विशी गाठायच्या आत नौदलात भरती झाला. खाणीत उतरायचं नसेल तर गरीब पोरासमोर जे दोन-तीन दरवाजे असतात त्यांतला हा एक. आमच्या गावातही तसंच होतं, फक्त खाणीच्या जागी कोरडवाहू शेती. नौदलात विमानांच्या दुरुस्तीचं काम शिकला. नऊ वर्षं काढून १९६५ मध्ये बाहेर पडला. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या सैन्याच्या तुकड्या दा नांगच्या किनाऱ्यावर उतरल्या आणि व्हिएतनामचं युद्ध खऱ्या अर्थानं त्यांचं झालं. म्हणजे तो ज्या दारातून बाहेर आला त्याच दारातून पाठोपाठ हजारो पोरं आत गेली. त्या सात मिनिटांच्या गाण्यात ही जाणीव आहे असं मला वाटतं. त्यानं तसं कुठं म्हटल्याचं मी वाचलेलं नाही. हा माझा अंदाज.

तोतरेपणा अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत होता. तो कसा गेला हे त्यानं मुलाखतीत सांगितलं आहे. समोरचा माणूस आपल्याबद्दल काय समजेल या धास्तीनं आपली जीभ अडते, आपण सगळ्यांना आपल्यापेक्षा मोठे मानतो म्हणून अडते, असं त्याच्या ध्यानात आलं. मग त्यानं समोरच्यांना मनातल्या मनात उघडं कल्पून बघायला सुरुवात केली. सगळ्यांना हे लागू पडेल असं नाही, हेही तो लगेच सांगतो. मला लागू पडलं नसतं. आमच्या गुरुजींना तसं कल्पून बघायची माझी हिंमत झाली नसती.

नंतर कॅलिफोर्नियात त्यानं दूध पोचवलं, आणि पुढं लॉस एंजेलिसजवळ बरबँकच्या एका कारखान्यात लागला. काम काय, तर ७४७ विमानांतल्या संडासांची सीट बसवणं. पगार ताशी तीन डॉलर. मधल्या काळात केव्हातरी ओकलंडच्या एका क्लबात लू रॉल्सचं गाणं ऐकायला गेला होता. गायक उशिरा येतोय आणि मॅनेजर करवादतोय की आठवड्याचे दोन हजार डॉलर मोजतो याला, आणि हा वेळेवर येत नाही. विदर्सनं तो आकडा ऐकला. मग गहाणवटीच्या दुकानातून एक स्वस्तातली गिटार आणली. कलावंतांच्या चरित्रात स्फूर्तीचा क्षण कसा चांदणं-बिंदणं घेऊन येतो. इथं तो पगाराचा आकडा घेऊन आला. मला हे फार बरं वाटतं. ज्याचं हातावर पोट असतं तो गाण्याकडंही आधी काम म्हणूनच बघतो, आणि कामाकडं बघावं तसं नीट बघतो.

पहिली रेकॉर्ड १९७१ साली. नाव 'जस्ट ॲज आय ॲम'. मुखपृष्ठावर तो कारखान्याच्या भिंतीपाशी जेवणाचा डबा हातात घेऊन उभा आहे. स्टुडिओत बुकर टी. जोन्स, डक डन, अल जॅक्सन असले बिनीचे वादक आणि मध्ये हा संडासाच्या सीटवाला. 'एंट नो सनशाइन' या गाण्यात एका जागी त्याला शब्द सुचले नव्हते, म्हणून त्यानं दोन शब्दांचा एक तुकडा तात्पुरता पुन्हा पुन्हा म्हटला, सव्वीस वेळा. नंतर तिथं नवं कडवं घालणार होता. जोन्स आणि बाकीचे म्हणाले, राहू दे, हात लावू नको. त्यानं ऐकलं, कारण त्यांना त्याच्यापेक्षा जास्त कळत होतं असं त्याला वाटलं. जगभर आज तीच जागा गुणगुणली जाते. मी ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मात्र मला तिथं कडवं गाळलेला गीतकार ऐकू आला नाही. एका अक्षरावर अडकलेला, तरी न थांबता तेच तेच म्हणत राहिलेला मुलगा ऐकू आला. मला स्वतःला ती अवस्था आतून माहीत आहे. फक्त त्याच्या अडण्याला ताल होता.

गाणं येण्याआधी कारखान्यानं मंदीत त्याला घरी बसवलं होतं. मग एकाच दिवशी दोन पत्रं आली असं तो सांगायचा. एक कारखान्याचं: कामावर परत या. दुसरं जॉनी कार्सनच्या टीव्ही कार्यक्रमाचं: गायला या. रेकॉर्ड कंपनीनं पुढं त्याला त्या गाण्याच्या यशाबद्दल सोनेरी रंगाची संडासाची सीट भेट दिली. असली थट्टा ज्याला सोसते त्याचीच करावी.

युद्धावरची गाणी त्या काळात खूप आली. एडविन स्टारनं १९७० मध्ये युद्ध कशाच्या कामाचं, असं ओरडून विचारलं आणि ते गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्या वर्षी मार्विन गेनं 'व्हॉट्स गोइंग ऑन' केलं. गेचा धाकटा भाऊ फ्रँकी व्हिएतनाममध्ये होता; त्याची पत्रं आणि परतल्यावर त्यानं सांगितलेलं यांतून ती रेकॉर्ड उभी राहिली. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचे मालक बेरी गॉर्डी यांना हे गाणं बाजारात आणायचं नव्हतं, आणि ते त्याचे मेव्हणेही होते. म्हणजे धंदा, घर आणि लढाई या तिन्ही गोष्टी एकाच ताटात. गे त्यातून कधी सुटला नाही. घटस्फोटाचा ऐवज फेडायला रेकॉर्ड केली, तीही त्या मोडलेल्या लग्नावरच. आणि १ एप्रिल १९८४ रोजी, पंचेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आईवडिलांच्या घरी वडिलांच्याच गोळीनं मेला. त्याच्या आवाजापुढं विदर्सचा आवाज साधा आहे, हे मी विदर्सवर जीव जडूनही कबूल करतो. गेचा आवाज आकाशात कुठूनही कुठंही जातो. विदर्सचा जमिनीवरून चालतो.

पण लढाईबद्दल विचारलं तर मी चालणाऱ्याकडंच जाईन. सरकारं, धोरणं यांवर गाणी लिहिणारे पुष्कळ आहेत, असं तो त्या गाण्याच्या आधी बोलताना सांगतो. आपल्याला आठवतात ती तरुणपणी आपण होतो तसली पोरं, ज्यांना राजकारणातलं काही कळत नाही, कुणी जा म्हटलं की जातात. मग तो त्याला भेटलेल्या एका पोराबद्दल बोलतो, नुकताच परतलेला, उजवा हात गेलेला. आणि स्वतः त्याच्या जागी जाऊन बसतो. बस्स, एवढंच. वेस्ट व्हर्जिनियातून त्या युद्धात गेलेली पोरं लोकसंख्येच्या मानानं कुठल्याही राज्यापेक्षा जास्त मेली. एकूण आकडा अमेरिकेपुरता अठ्ठावन्न हजारांवर, व्हिएतनामी माणसांचा त्याच्या कित्येक पट. गाण्यात यातलं काही नाही. गाण्यात एक पत्र आहे. आईला सांग. वकिलाला सांग, धाकट्या भावाची भरती लांबवता येते का बघ. पाद्रीबाबाला माझ्यासाठी प्रार्थना करायला सांग. ज्यानं गोळी मारली त्या माणसाबद्दल शिवी नाही. आपण त्याला कधी पाहिलं नव्हतं, त्याचं काही वाकडं केलं नव्हतं, एवढीच विलक्षण गोंधळलेली नोंद.

मागं जेम्स गॅडसनचे ड्रम्स हळू, अंत्ययात्रेच्या चालीनं. साथीदारांचे आवाज खालून प्रार्थनेसारखे उठत जातात. आणि एक माणूस आहे जो संपूर्ण गाण्यात एक अक्षर बोलत नाही. ज्याला 'लिहून दे' म्हटलंय तो. त्यानं कागद घेतला की नाही, पेन कुणाचं होतं, लिहिताना त्यानं काय गाळलं, हे कळत नाही. इंग्रजीतले जे समीक्षक मी वाचले ते जखमी पोराबद्दल लिहितात. मला तो दुसरा दिसतो. खाटेच्या कडेला, मांडीवर पाटी घेऊन. ज्याची जीभ अठ्ठावीस वर्षं अडली त्यानं ज्याचा हात अडला त्याला आपली जीभ दिली, असं या गाण्याबद्दल सुबकपणे म्हणता येईल, आणि एका व्याख्यानात मी तसं म्हटलंही आहे. टाळ्याही पडल्या. पण ते अर्धंच खरं. लिहून देणारा काही देत नसतो, त्याला भीती वाटत असते. चुकीचं काही लिहून जाईल याची.

विदर्सच्या संसाराबद्दल बोलताना आपलीही पंचाईत होते. इतकी मायेची गाणी लिहिणारा माणूस घरी मायेचाच असेल असं आपण धरून चालतो. अभिनेत्री डेनिस निकोलस हिच्याशी त्याचं पहिलं लग्न १९७३ मध्ये झालं आणि जेमतेम वर्षभर, वादळात टिकलं. रेकॉर्ड कंपनीशी पैशांवरून भांडण झालं तेव्हा रागाच्या भरात त्यानं तयार झालेली अख्खी रेकॉर्ड पुसून टाकली. नंतर त्यालाही वाटलं की हे वेगळ्या तऱ्हेनं निस्तरता आलं असतं. १९७६ मध्ये मार्शा जॉन्सनशी लग्न झालं, दोन मुलं झाली, टॉड आणि कोरी. हे मात्र शेवटपर्यंत.

पहिली रेकॉर्ड कंपनी बुडाल्यावर तो कोलंबिया या कंपनीत गेला. तिथं त्याला शिकवणारे भेटले. काळ्या गायकानं काय गायलं म्हणजे खपतं हे ज्यांना पक्कं ठाऊक असतं ते गोरे तज्ज्ञ. एकानं सुचवलं, एल्विस प्रेस्लीचं गरीब वस्तीवरचं गाणं तू पुन्हा गा. स्लॅब फोर्कच्या माणसानं गरिबी एल्विसकडून उसनी आणावी! 'लव्हली डे' त्याच काळातलं, १९७७ चं. त्यातला एक सूर तो अठरा सेकंद धरतो. मी घड्याळ लावून पाहिलं आहे, माझा सातव्या सेकंदाला संपला. पण १९७८ नंतर सात वर्षं त्याची नवी रेकॉर्डच आली नाही. गाणी घेऊन जायचा, नाकारली जायची. मधे सॅक्सोफोनवादक ग्रोव्हर वॉशिंग्टनसाठी 'जस्ट द टू ऑफ अस' गायलं ते जगभर गाजलं, तेही दुसऱ्याच्या रेकॉर्डवर. १९८५ मध्ये शेवटची रेकॉर्ड काढली आणि सत्तेचाळिसाव्या वर्षी घरी गेला. पुनरागमनाच्या जाहिराती नाहीत, निरोपाचा दौरा नाही.

हे मोठं वैराग्य वगैरे होतं असं मला वाटत नाही, आणि त्याचं तसं कौतुक करणाऱ्यांचा मला थोडा रागच येतो. संन्यास घ्यायलाही आधी पोटाची सोय लागते. त्याची होती, गाण्यांच्या हक्कांचं काम मार्शानं लॉस एंजेलिसमध्ये स्वतः सांभाळलं. १९८७ मध्ये क्लब नूव्हो या मंडळींनी 'लीन ऑन मी' नव्यानं गाऊन पहिल्या क्रमांकावर नेलं, ग्रॅमी याला घरबसल्या मिळालं. ज्या गायकांचे हक्क कंपन्यांकडं गेले ते म्हातारपणी गावोगाव तीच तीन गाणी गात फिरले. विदर्सला मुलांना शाळेत सोडता आलं. त्यात हिशेब होता, आणि बायकोची अक्कल होती. शिवाय त्याला नऊ वर्षं नौदल आणि पुढं कारखाना माहीत होता, म्हणजे नोकरी सोडता येते हे माहीत होतं. लहानपणापासून फक्त गायकच असलेल्याला तेवढं एक ठाऊक नसतं.

लोक त्याला विसरले, तो मात्र मजेत होता. एकदा लॉस एंजेलिसच्या एका हॉटेलात शेजारच्या टेबलावर चर्चहून आलेल्या बायका बिल विदर्सच्या एका गाण्याबद्दल बोलत होत्या. हा म्हणाला, मीच तो. त्या म्हणाल्या, छे, तू कसला बिल विदर्स, तो तुझ्याहून काळा आहे! हा किस्सा तो खुशीत सांगायचा. २०१५ च्या एप्रिलमध्ये क्लीव्हलंडला रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याला घेतलं, स्टीव्ही वंडरनं त्याचं स्वागत केलं, तेव्हा गाण्यापेक्षा जास्त त्यानं लोकांना हसवलं.

२००९ मध्ये त्याच्यावर 'स्टिल बिल' नावाचा माहितीपट निघाला. मुलानं आणि मी तो लॉकडाउनमध्येच पाहिला. त्यात तो आपल्या गावी जातो, मुलीबरोबर गाणं करायला बसतो, सगळं ठीक. मग न्यूयॉर्कमधल्या एका नाट्यसंस्थेत जातो, तोतऱ्या मुलांची संस्था. मुलं मंचावर येऊन अडखळत, थांबत, तोंड वाकडं करत बोलतात, गातात, आणि कुणी त्यांचं वाक्य पुरं करत नाही. कॅमेरा त्याच्याकडं वळतो तर सत्तरीचा तो माणूस रडतोय. मी रिमोटनं टीव्ही थांबवला. मुलगा म्हणाला, "काय झालं?" मी म्हटलं, "क–" आणि अडलो. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. त्यानं वाक्य पुरं केलं नाही. वाट बघत बसला.

मग त्याला आत्तीची गोष्ट सांगितली. जानेवारीतल्या पत्रापर्यंत. त्यानं साहजिकच विचारलं, मग तो आला का परत?

आला. १९७२ च्या चैत्रात, गावच्या जत्रेला, महिन्याच्या रजेवर. एसटीतून उतरला तेव्हा मी फाट्यावर होतो. दोन्ही हातांत दोन ट्रंका. दोन्ही हातांत! मी पळत जाऊन आधी त्याचा उजवा पंजाच बघितला. पाचही बोटं. त्याला वाटलं ट्रंक घ्यायला आलोय, त्यानं एक माझ्या डोक्यावर दिली.

चार दिवसांनी तो ओसरीवर चहा पीत बसला असताना मी विचारलं. बराच वेळ लागला विचारायला. अक्षर का बदललं?

तो बशीतल्या चहाकडं बघत म्हणाला, "मला कुठं नीट लिवता येतंय रं. सही करतो तेवढीच. आधी लिवायचा त्यो कराडकडचा व्हता. आता दुसरा हाय."

मी काही बोललो नाही.

"तुझी पत्रं बी त्योच वाचायचा मला. म्हणायचा, पोरगं हाय बारकं, अक्षर गचाळ हाय, पर वेलांटी चुकवत न्हाय. एकदा म्हणला, म्हशीचं खोटं लिवतंय बघ, गेल्या दोन पत्रांत दूध तेवढंच हाय." तो हसला. मग बशी खाली ठेवली. "त्येला भेटायचं व्हतं तुला."

आतून आत्तीनं विचारलं, "कुणाचं बोलताय रं?"

"कुणाचं न्हाय," तो म्हणाला. "च्या आण अजून."